फुप्फुसातील ग्रॅन्युलोमा आणि प्रतिपिंडांची साक्ष

ग्रॅन्युलोमा म्हणजे सहजी नष्ट न होणाऱ्या घटकाभोवती प्रतिकारक पेशींनी रचलेली सूक्ष्म गाठ. फुप्फुसात ती क्षयरोगात आढळते, तशीच सारकॉइडोसिस या निश्चित कारण न उमगलेल्या दाहक विकारातही. दोहोंची लक्षणे मिळतीजुळती असली, तरी उपचार भिन्न आहेत. क्षयरोगावर जीवाणूनाशक औषधे लागतात, तर सारकॉइडोसिसमध्ये गरजेनुसार स्टेरॉइड देतात. क्षयरोग न ओळखता केवळ स्टेरॉइड दिल्यास संसर्ग बळावू शकतो.

गाठीतील पेशी ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे वापरतात. एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी निर्माण करण्याची पद्धत जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८४ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ कापावर सोडलेले प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच चिकटते. नंतर विकराच्या साहाय्याने त्या जागी सहसा तपकिरी रंग उमटवला जातो. ‘सीडी६८’ प्रतिपिंडामुळे भक्षक पेशी, तर ‘सीडी४’ व ‘सीडी८’ मुळे टी-पेशींचे प्रकार ओळखू येतात. सारकॉइडोसिसच्या गाठीत सीडी४ पेशी मुख्यतः मध्यभागी, तर सीडी८ पेशी कडेला दिसतात.

मात्र ही रंगखूण गाठीची घडण सांगते, तिचे कारण नव्हे. भक्षक पेशी क्षयरोगाच्या गाठीतही असतात. त्यामुळे जीवाणूंचे विशेष रंजन, संवर्धन आणि जनुकीय चाचणी यांना पर्याय नाही. क्षयरोगाचा मोठा भार वाहणाऱ्या भारतात ही सावधगिरी विशेष महत्त्वाची ठरते.