आधी खेळलेले शहर

चेक प्रजासत्ताकातल्या कुत्ना होरा या गावाची वस्ती आज जेमतेम वीस हजारांची. मध्ययुगात मात्र बोहेमियाच्या राज्यात प्रागच्या खालोखाल मान याच गावाचा होता, कारण जमिनीखाली चांदी होती. इथल्या टांकसाळीत 1300 सालापासून ‘प्राग ग्रोशेन’ हे नाणे पडू लागले. खाणकामगारांची पाठीराखी संत बार्बारा हिचे चर्च 1388 मध्ये बांधायला घेतले, ते पुरे व्हायला 1905 साल उजाडले. 1995 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गावाचे नाव आले आणि पर्यटकांचा राबता वाढला.

2025 च्या फेब्रुवारीत वॉरहॉर्स या प्रागच्याच स्टुडिओचा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स 2’ हा व्हिडिओ गेम आला, आणि गावाला एक निराळाच पाहुणा मिळाला. गेममधला काळ 1403 चा : राजा चौथा वेन्सेस्लास कैदेत, त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड राज्यात धुमाकूळ घालतो आहे, आणि खेळणारा हेन्री नावाच्या, लोहाराघरी वाढलेल्या तरुणाच्या रूपाने या गावात वावरतो. बार्बाराचे चर्च त्याला दिसते ते परांची बांधलेले, अर्धवट. प्रत्यक्षात गावात येऊन तो तंबूसारखे तीन शिखरांचे छप्पर पाहतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ती नवी भर असते. उलट साधा पर्यटक येतो सेडलेकचे अस्थिगृह पाहायला. मानवी हाडांची ती प्रसिद्ध सजावट 1870 ची. हेन्रीच्या जगात ती असणेच शक्य नाही. एकाच दिवशी एकाच गावात दोघे फिरतात आणि दोन वेगळी शतके शोधतात.

पुढील पानांत गेम आणि पर्यटन यांच्या नात्याच्या ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून द्यायची आहे, ते या दोघांमधल्या जागेत उभे आहे. पर्यटनाच्या अभ्यासकांना जॉन अरी यांचे 1990 चे ‘द टूरिस्ट गेझ’ परिचयाचे असते : पर्यटक काय पाहणार हे त्याची नजर आधीच ठरवून आलेली असते. चित्रपट पाहून आलेल्या प्रवाशाला हा विचार चपखल बसतो. गेम खेळून आलेल्याला तो अपुरा पडतो, असे माझे मत. त्याला गावाचे चित्र ठाऊक असते त्याहून अधिक गल्लीचे वळण ठाऊक असते. तो तिथे हरवलेला असतो, पळालेला असतो, क्वचित चोरीही करून बसलेला असतो. अर्थात त्याचे पाय तिथे कधी दुखलेले नसतात. गावातल्या चांदीच्या संग्रहालयात पांढरा अंगरखा आणि दिव्याचे शिरस्त्राण चढवून पर्यटकांना जुन्या खाणीत उतरवतात. त्या अरुंद बोगद्यांतून अंग चोरून चालताना जे कळते, ते कोणताही कंट्रोलर शिकवत नाही.

इतिहासाचे लोक अशा गेमकडे वळले की पहिला मोह होतो तो चुका काढण्याचा. मोह रास्त आहे, पण तिथेच थांबू नये. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (2014) या गेममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले पॅरिस आहे, आणि त्यातल्या नोत्र-दाम चर्चवर वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेला मनोरा आहे. क्रांतीनंतर अनेक दशकांनी आलेला मनोरा! तो काढला असता, तर आजच्या खेळाडूच्या डोळ्याला ते नोत्र-दाम वाटलेच नसते. 15 एप्रिल 2019 च्या आगीत हाच मनोरा कोसळताना जगाने पाहिला, आणि गेममधल्या प्रतिकृतीवरून आता चर्च पुन्हा बांधता येईल अशी वदंता लगेच पसरली. खरी मोजमापे होती कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांच्या लेझर सर्वेक्षणात. तरीही लोकांना गेमच आठवावा, ही अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट आहे. मनोऱ्याची ती ‘चूक’ म्हणजे लोकांच्या मनातले पॅरिस कोणत्या काळाचे आहे, याचा पुरावाच.

नवागताने दोन्ही दारे उघडी ठेवावीत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने गेमला पोरखेळ समजू नये, गेम खेळणाऱ्याने दफ्तरखान्याला घाबरू नये. कंट्रोलर कधी हातात धरला नसेल, तर घरातल्या एखाद्या भाचीला वा पुतण्याला शेजारी बसवावे आणि लढाया तिच्यावर किंवा त्याच्यावर सोपवून आपण निवांत गावभर भटकावे. मग प्रश्न आपोआप सुचतात : गेममुळे आलेल्या पाहुण्याला वाटाड्याने कोणते शतक दाखवायचे? गाव आणि गेम बनवणारी कंपनी यांच्यात देणेघेणे काय असावे? आणि जे त्याच गल्लीत राहतात, दूध आणायला रोज तिथूनच जातात, त्यांना या साऱ्याविषयी कोणी विचारले आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर काम करायला माणसे हवी आहेत.