ज्ञानदान आणि अभयदान : प्रा. सुधीर कुमार जैन यांचे कार्य

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. यांपैकी शेवटच्या दोन दानांचा संगम स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाच्या कार्यात कसा घडला, हे जाणण्यासाठी किल्लारीपर्यंत मागे जावे लागते.

दि. 30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जन आटोपून लातूर-धाराशिव भागातील गावे निद्राधीन झाली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली आणि हजारो जीव ढिगाऱ्याखाली गाडले गेले. वास्तविक हा भूकंप जगातील महाभयंकर भूकंपांइतका मोठा नव्हता. मग एवढा संहार का झाला?

कानपूरच्या आयआयटीतील प्रा. सुधीर कुमार जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून या प्रश्नाचा अभ्यास केला. रुरकी येथे पदवी घेऊन अमेरिकेतील कॅलटेकमधून 1983 मध्ये डॉक्टरेट मिळविल्यावर ते 1984 पासून कानपूरला अध्यापन करीत होते. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती जाड, परंतु ओबडधोबड दगड व मातीच्या होत्या. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादऱ्यासरशी थर विलग झाले, भिंती ढासळल्या आणि वरचे मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. जेथे धाब्याचा भार लाकडी खांबांनी पेलला, तेथे भिंती पडूनही काही छपरे उभी राहिली. मृत्यूचे कारण जितके भूगर्भात होते, तितकेच बांधणीतही होते.

याच आपत्तीत भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी सुमारे 1,200 भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र हे त्या सेवेचे स्मारक होय. एकाने अनाथांना आधार दिला, तर दुसऱ्याने मुले अनाथच होऊ नयेत याचे शास्त्र शिकविले.

प्रा. जैन यांनी हे ज्ञान शोधनिबंधांपुरते ठेवले नाही. 1999 मध्ये कानपूरला राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्र उभे राहिले. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपानंतर, 2003 पासून, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांनाच प्रशिक्षण देणारा राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला. कारण एक शिक्षक शिकला की अभियंत्यांच्या पिढ्या शिकतात. पुढे ते 2009 ते 2022 या काळात गांधीनगर आयआयटीचे संचालक होते. 2014 ते 2018 मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

भिंगार व अहिल्यानगर परिसरातील जुने वाडेही दगड, माती व लाकूड यांचेच आहेत. समाजाची मंदिरे, स्थानके, धर्मशाळा बांधताना वा त्यांचा जीर्णोद्धार करताना शिखर व नक्षीकामासाठी दाते उदारपणे पुढे येतात. भिंतींचे थर जोडणारे आरपार दगड आणि भिंतींना चहूबाजूंनी बांधणारा काँक्रीटचा पट्टा मात्र गिलाव्याआड जातो. त्यावर कोणाचे नाव कोरले जात नाही. परंतु त्या छताखाली सामायिकास बसलेल्या श्रावक-श्राविकांना अभय मिळते ते त्यातूनच. सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा अनाम दानाचा संकल्प व्हावा, हेच या ज्ञानतपस्येला खरे अभिवादन ठरेल.