सिनसिनाटीकरांचा नगराभिमान

निवडीचा अधिकार हातीं आला म्हणजे लोक गुणांची निवड करतात कीं आपल्या माणसांची, हा वाद राजकारणांत जुनाच आहे. अमेरिकेंतील ओहायो नदीकांठच्या सिनसिनाटी शहरानें १९५७ सालीं त्याचें उत्तर बेसबॉलच्या क्रीडांगणावर मोठ्या निःसंकोचपणें देऊन टाकलें.

बेसबॉलच्या नॅशनल व अमेरिकन या दोन लीगमधील निवडक खेळाडूंचा एक सामना बहुधा दर उन्हाळ्यांत होतो. शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ पत्राचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांनीं १९३३ सालीं, त्या नगरींत जागतिक प्रदर्शन भरलें असतां, ही प्रथा सुरू केली. खेळाडू कोणी निवडावे याचे नियम पुढें बदलत गेले. १९४७ पासून हा हक्क पुन्हां प्रेक्षकांकडे आला होता.

सिनसिनाटी या खेळांत कांहीं आडगांव नव्हे. उघडपणें वेतन घेऊन खेळणारा पहिला संघ १८६९ सालीं तेथेंच उभा राहिला. त्याचा वारसा सांगणाऱ्या संघाचें नांव ‘रेड्स’. परंतु १९५३ सालीं साम्यवादाच्या धास्तीनें ‘लाल’ हा शब्दच इतका अशुभ ठरला कीं, संघ स्वतःस ‘रेडलेग्ज’ म्हणवूं लागला! लाल तंगड्यांचें भय तितकेंसें वाटत नसावें.

तेथील ‘एन्क्वायरर’ पत्रानें स्थानिक खेळाडूंचीं नांवें आधींच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. वाचकांनीं त्या पाठविण्याचेंच काय तें काम उरलें, आणि तें त्यांनीं इतक्या निष्ठेनें केलें कीं, आठांपैकीं सात जागा सिनसिनाटीच्या पदरांत पडल्या. सेंट लुईचा स्टॅन म्यूझियल तेवढा बचावला. वस्तुतः यांतील ‘आपले’ सगळे कांहीं त्या मातींतले नव्हते. फ्रँक रॉबिन्सन तर दूर कॅलिफोर्नियांतील ओकलंडचा. संघाचा पोषाख अंगावर चढला कीं परका घरचा होतो, ही या अभिमानाची मला उदार बाजू वाटते.

आयुक्त फोर्ड फ्रिक यांनीं गस बेल व वॉली पोस्ट यांस वगळून विली मेज व हँक आरन यांस नेमलें. गुणांच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु मतदान दूषित होतें तर उरलेले पांच शुद्ध कसे ठरले? शिवाय १९५८ पासून मताचा हक्क साऱ्या देशांतील प्रेक्षकांकडून काढून खेळाडू व प्रशिक्षक यांस देण्यांत आला. एका गांवाच्या अतिप्रेमाचा दंड सर्वांनीं भरावा, हें न्यायाचें म्हणवत नाहीं. राखीव म्हणून राहिलेल्या बेलनें मात्र त्या सामन्यांत एका फटक्यासरशीं दोन धावा मिळवून दिल्या.

प्रेक्षकांचा हक्क १९७० सालीं परत आला. त्या वर्षींचा सामना सिनसिनाटींतच झाला. बाराव्या डावांत पीट रोझनें यष्टिरक्षकासारख्या जागीं उभ्या असलेल्या रे फॉसी यास धडक देऊन पाडलें व विजयाची धाव घेतली. रोझ हा सिनसिनाटींतच जन्मलेला. पण प्रेक्षकांच्या मतांनीं पहिल्या फळींत निवडलेला तो नव्हता, बदली खेळाडू म्हणून मैदानांत उतरला होता.