माय डार्लिंग क्लेमंटाइन
जॉन फोर्ड दिग्दर्शित अमेरिकन वेस्टर्न चित्रपट (१९४६). ॲरिझोनातील टूम्स्टोन या सरहद्दीवरच्या गावात क्लेमंटाइन कार्टर ही बॉस्टनची तरुणी डॉक हॉलिडेच्या शोधात येते. क्षयाने खंगलेला हॉलिडे तिला परत जायला सांगतो; मार्शल वायट अर्प मात्र तिच्यावर अबोलपणे प्रेम करू लागतो. हॉलिडेवर जीव जडलेल्या चिवावा या गायिकेला ती प्रतिस्पर्धी वाटते. अर्धवट बांधलेल्या चर्चच्या आवारातील अर्प-क्लेमंटाइनचे नृत्य हा चित्रपटातील सर्वांत सुंदर प्रसंग होय. हेन्री फोंडा, व्हिक्टर मॅच्युअर, कॅथी डाउन्स व लिंडा डार्नेल यांच्या प्रमुख भूमिका. क्लेमंटाइन काल्पनिक आहे, चित्रपटात दाखवलेली ओ. के. कोरलची बंदुकीची चकमक मात्र २६ ऑक्टोबर १८८१ रोजी खरोखर घडली. चित्रपटात या चकमकीत मरणारा हॉलिडे प्रत्यक्षात १८८७ मध्ये वारला. अखेरीस क्लेमंटाइन शिक्षिका म्हणून गावातच राहते.