फाईल आली का? : एका प्रश्नाचा इतिहास

घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडीत असत. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली, की 24 मिनिटांची एक घटिका सरली. वाटीला हाक मारता येत नसे. म्हणून कोणाला तरी तिच्यावर डोळा ठेवून बसावे लागे, आणि त्याने सांगितल्यावर पुढचे सारे हालत असे. मांडवातल्या गर्दीत ह्या राखणदाराकडे कोणाचे लक्ष नसायचे. पण त्याला डुलकी लागली, तर मुहूर्त टळला.

संगणकाच्या इतिहासातही असा एक राखणदार आहे, आणि त्याच्याकडेही फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते : दूरच्या यंत्रावर अमुक नावाची फाईल अवतरली, की इकडे अमुक काम सुरू करायचे. बँकांचे दिवसअखेरचे हिशेब, हवामानाच्या नोंदी, पुरवठादारांच्या याद्या ह्यांची रात्रीची ये-जा वर्षानुवर्षे अशाच दहा-पंधरा ओळींच्या शेल-स्क्रिप्टांवर चालत आली आहे. ह्या ओळी बहुधा कोणीतरी घाईत लिहिलेल्या असतात, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरही त्या चालू राहतात. ‘फाईल आली का?’ हा त्यांचा एकमेव प्रश्न. तो दिसतो तितका सोपा नाही, हे कळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

‘शेल’ हा शब्द लुई पुझँ ह्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाचा. एम.आय.टी.मध्ये असताना, 1963-64च्या सुमारास, त्याने ‘रनकॉम’ नावाची एक सोय केली. फाईलीत आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवाव्यात आणि यंत्राने त्या क्रमाने पार पाडाव्यात, एवढीच ती कल्पना. मल्टिक्स प्रणालीच्या आखणीच्या वेळी त्याने तिला शेल हे नाव दिले. पुढे 1969मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्सचा पाया घातला, तेव्हा हा शब्द तिथेही आला. टॉमसनचा शेल मात्र फार साधा होता. त्यात ‘जर’ आणि ‘तिकडे जा’ ह्या स्वतंत्र बाहेरच्या आज्ञा होत्या. शेलच्या स्वतःच्या भाषेला व्याकरण असे जवळजवळ नव्हतेच. ते 1979च्या सातव्या आवृत्तीत आले. स्टीफन बॉर्नवर अल्गॉल 68 ह्या भाषेचे संस्कार होते, म्हणून त्याच्या शेलमध्ये ‘इफ’ उघडले की ‘फाय’ने मिटवायचे आणि ‘केस’ उघडले की ‘इसॅक’ने. त्याच न्यायाने ‘डू’ मिटवायला ‘ओडी’ हवे होते. पण त्या नावाची एक आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती, म्हणून तिथे ‘डन’ आले.

ह्या व्याकरणाने आमच्या राखणदाराला भाषा दिली. जोवर फाईल नाही, तोवर थोडे झोप आणि पुन्हा पाहा. ‘टेस्ट’ने पाहायचे, ‘स्लीप’ने थांबायचे, ‘व्हाइल’ने फिरायचे. त्याच आवृत्तीतला क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन आपली यादी चाळीत असे आणि वेळ झालेले काम सुरू करून देत असे. पण क्रॉनला घड्याळ कळते, घटना कळत नाही. समोरची फाईल रोज दोनला येते म्हणून इकडचे काम तीनला लावले, तर तो एक अंदाज झाला. एखाद्या रात्री फाईल साडेतीनला येते. आणि तीनला सुरू झालेले काम कालचीच फाईल पुन्हा मुकाट्याने चघळते. यंत्र कुठे अडत नाही, तक्रारही करीत नाही. चूक कळते ती सकाळी, आणि तीही कोणाच्या तरी हिशेबात.

ह्या प्रश्नाचा विचार सर्वप्रथम कसोशीने झालेला आम्हांला दिसतो तो माइक लेस्कच्या यूयूसीपीमध्ये. बेल प्रयोगशाळेतच 1976मध्ये जन्मलेली ही व्यवस्था साध्या टेलिफोनच्या तारेवरून एका युनिक्स यंत्रातील फाईल दुसऱ्यात पोचवीत असे. तार मध्येच तुटणे ही त्या काळी नित्याची गोष्ट. म्हणून अविश्वास हाच तिच्या रचनेचा पाया होता. येणारी फाईल आधी एका तात्पुरत्या नावाखाली उतरे. पूर्ण उतरल्यावरच ती आपल्या खऱ्या जागी, खऱ्या नावाने ठेवली जाई. काम सांगणारी फाईल वेगळी असे, आणि तिचे नाव इंग्रजी ‘एक्स’ ह्या अक्षराने सुरू होई. कोणती आज्ञा चालवायची आणि त्यासाठी कोणकोणत्या फाईली हजर असायला हव्यात, हे तिच्यात लिहिलेले असे. ‘यूयूएक्सक्यूटी’ नावाचा कार्यक्रम ह्या याद्या चाळून, सांगितलेले सारे आले आहे का आणि मागितलेली आज्ञा परवानगीतली आहे का, हे तपासूनच काम सुरू करी.

येथे थोडे थांबायला हवे. पुढच्या पिढ्यांनी ठेचा खात जे शिकले, ते जवळजवळ सारे ह्या रचनेत आहे. अर्धवट वस्तूला खरे नाव द्यायचे नाही. माल आणि मालाची वर्दी वेगवेगळी ठेवायची. दूरचा माणूस म्हणेल ते काम करायचे नाही, ठरलेले तेवढेच करायचे. ह्याच पायावर युजनेट उभे राहिले. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कट आणि जिम एलिस ह्यांना 1979मध्ये ती कल्पना सुचली. तिचा पहिला नमुना शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविनने शेल-स्क्रिप्टमध्येच, सुमारे दीडशे ओळींत लिहिला. तो फार हळू चाले; लवकरच सारे सी भाषेत पुन्हा लिहावे लागले. पण एका यंत्रातून दुसऱ्यात लेख जाऊन पडणे आणि त्याच्या येण्यानेच तो लावून ठेवण्याचे काम सुरू होणे, ही साखळी त्या दीडशे ओळींतून सुरू झाली.

दुसरीकडे एफटीपीची परंपरा होती. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतून निघून एम.आय.टी.मध्ये गेलेल्या अभय भूषण ह्यांनी एप्रिल 1971मध्ये तिचा पहिला मसुदा मांडला. तिचे उपकार मोठे. पण आमच्या राखणदाराला ती एका जागी तोंडघशी पाडते. तिच्या नेहमीच्या रीतीत फाईल संपल्याची खूण म्हणजे जोडणी बंद होणे. ती खूण पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळते. बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला मात्र फक्त वाढत जाणारी फाईल दिसते. ‘आली का?’ ह्याचे उत्तर ‘आली’ असते, आणि ‘पूर्ण आली का?’ ह्याचे उत्तर कोणीच देत नाही. त्यावर कोणी एका मिनिटाच्या अंतराने आकार दोनदा मोजू लागले. पण तार अडकली तरी आकार स्थिरच राहतो. कोणी मूळ फाईलीमागून एक रिकामी फाईल निशाणी म्हणून पाठवू लागले. सगळ्यांत खात्रीचा उपाय पुन्हा लेस्कचाच ठरला : आधी तात्पुरते नाव, मग नामांतर. 1983च्या 4.2 बी.एस.डी.मध्ये नामांतराची स्वतंत्र आज्ञा प्रणालीच्या गाभ्यातच आली, आणि ती अखंड होती. जुने नाव किंवा नवे नाव, मधली स्थिती पाहणाऱ्याला दिसत नाही. मात्र दोन्ही नावे एकाच फाईल-व्यवस्थेत हवीत. एका डिस्कवरून दुसरीवर ‘हलवणे’ म्हणजे आतून नक्कल करणेच. तिथे अर्धवटपणाचा जुना धोका तसाच परत येतो.

मग 1995मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू युलोनेनने, तिथल्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर, एसएसएच लिहिले. तेव्हापासून दूरच्या यंत्राला ‘फाईल आहे का?’ असे थेट आणि सुरक्षितपणे विचारता येऊ लागले. उत्तर एका आकड्यात येते : शून्य म्हणजे आहे, एक म्हणजे नाही. आणखी एक आकडा आहे, 255. त्याचा अर्थ, विचारणेच जमले नाही.

ह्या तिसऱ्या आकड्याची ओळख आम्हांला महागात पडली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही अशीच एक स्क्रिप्ट लिहिली होती. शून्य नसेल ते सारे ‘अजून नाही’ असे आम्ही धरले होते. समोरच्या यंत्राची किल्ली बदलली. आमच्या राखणदाराला दारातूनच परत पाठवले जाऊ लागले, आणि तो दर पाच मिनिटांनी नोंदवहीत इमानेइतबारे लिहीत राहिला, ‘फाईल आलेली नाही’. फाईल पहिल्याच रात्री आलेली होती. तिच्यात रोजंदारीवरच्या माणसांच्या देयकांची यादी होती. तीन दिवस ती माणसे खिडकीशी येत राहिली आणि ‘वरून अजून आलेले नाही’ हे उत्तर घेऊन परत जात राहिली. खिडकीतला कारकून खोटे बोलत नव्हता. तो आमच्या नोंदवहीत पाहून बोलत होता. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ह्यांतले अंतर आम्ही एका ओळीत पुसून टाकले होते, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना शेल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते.

राखणदाराची गरजच नाहीशी करण्याचे प्रयत्नही झाले. लिनक्सच्या 2.6.13 ह्या आवृत्तीत, 2005मध्ये, ‘आयनोटिफाय’ आले. फाईल बदलली की प्रणाली स्वतःच वर्दी देते. वाटीला जणू कंठ फुटला. पण ही वर्दी आपल्याच यंत्रातल्या घडामोडींची. एनएफएसवरून जोडलेल्या संचिकेत दुसऱ्या यंत्राने काही ठेवले, तर तिला त्याचा पत्ता नसतो. शिवाय एनएफएस मघाचे उत्तर काही सेकंद जवळ ठेवून तेच पुन्हा सांगते. ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीने 2014मध्ये वस्तू येताच कळवण्याची सोय केली; पण एकच वर्दी कधी दोनदाही येऊ शकते, म्हणून काम दोनदा झाले तरी बिघडू नये असेच लिहावे लागते. त्याच साठवणीत डिसेंबर 2020पर्यंत आणखी एक गंमत होती. नवी वस्तू ठेवताच दिसे. पण ती येण्याआधीच कोणी तिची चौकशी केली असेल, तर ठेवल्यानंतरही काही काळ ‘नाही’ असे उत्तर मिळू शकत असे. उतावीळपणे विचारणाऱ्यालाच उशिरा कळावे, अशी ही तऱ्हा.

मराठीत आपण कोणाची ‘वाट पाहतो’. येणारा दिसत नसतो, म्हणून तो ज्या रस्त्याने येईल त्या रस्त्याकडे पाहायचे. रस्ता रिकामा दिसणे वेगळे आणि धुक्यात रस्ताच न दिसणे वेगळे, हे पारावर बसणाऱ्या कोणत्याही माणसाला कळते. यंत्राला ते आपण सांगावे लागते. ‘आली’, ‘आली नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ अशा तीन वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात, आणि तिसरी वेळ आली की गप्प न बसता कोणाला तरी उठवावे लागते. आम्ही ती स्क्रिप्ट नंतर दुरुस्त केली. जास्तीच्या चार ओळी लागल्या.