पासंग आणि शुक्रावरचा वायू

परवा भाच्याचा फोन आला. तो एका प्रयोगशाळेत काम करतो. आवाज वैतागलेला. "मामा, आठवडा झाला, बेसलाइन काही नीट वजा होत नाहीये."

मी पडलो मराठी माध्यमाचा बी.ए., जन्मभर इतिहास शिकवलेला. म्हटलं, "मला कळेल असं सांग बाबा."

त्याने सांगितलं त्यावरून मला आमच्या लहानपणचा वाणी आठवला. माल घालण्याआधी तो रिकामी पारडी बघायचा. एक खाली झुकलं की दुसऱ्यात खडा टाकून सारखं करायचा. तो पासंग. वर्णपटाचंही तसंच. यंत्रामुळे त्याची रेषा मुळातच वरखाली डुलते. ते डुलणं वजा केलं की पदार्थाची खरी खूण उरते. प्रश्न एवढाच, की खडा केवढा टाकायचा?

यावरून एक अलीकडचा इतिहास सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की शुक्राच्या ढगांत फॉस्फिन वायू दिसतो, अब्जात सुमारे २० रेणू. पृथ्वीवर हा वायू काही सूक्ष्मजीवांशी जोडला जातो. म्हणजे शुक्रावर जीव? जगभर गाजावाजा झाला.

मंडळी, गोम पासंगात होती. शुक्र इतका तेजस्वी, की दुर्बिणीच्या यंत्रणेत त्याच्यामुळे लाटा उमटतात. त्या घालवण्यासाठी चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या नोंदींवर बाराव्या घाताची बहुपदी बसवली होती. एवढी वळणं घेणारा वक्र नुसत्या खरखरीलाही चिकटतो. फॉस्फिनची खूण जिथे अपेक्षित, तेवढा तुकडा वक्र बसवताना वगळला होता. मग आजूबाजूची खरखर दबते आणि मधलं जे काही असेल ते उठून दिसतं!

इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी साधी परीक्षा घेतली. हीच रीत शेजारच्या जागांवर लावून पाहिली, तर आणखी पाच ठळक 'रेषा' निघाल्या. शिवाय वेधशाळेला मूळ नोंदींच्या प्रक्रियेतही चूक सापडली. सुधारित नोंदींवरून ग्रीव्हज यांच्या गटानेच आकडा अब्जात १ ते ४ असा खाली आणला. वाद अजून मिटलेला नाही. पण तो घालता आला, कारण मूळ नोंदी आणि कृती इतरांना तपासायला खुल्या होत्या.

इथे मी थबकलो. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेचा इतिहास मी लिहिला होता. जुन्या शिक्षकांच्या आठवणींतून 'अतिशयोक्ती' म्हणून बरंच गाळलं. काय गाळायचं ते मीच ठरवलं, आणि काम झाल्यावर त्यांच्या वह्या रद्दीत दिल्या. आता ते सगळे गेले. मी अतिशयोक्ती गाळली की मला न आवडणारा इतिहास, हे तपासायला कुणाकडे काहीच उरलं नाही.

असो. भाच्याला म्हटलं, "तुझा खडा आधी रिकाम्या पारड्यावर तपासून बघ."

"म्हणजे पदार्थ नसलेला नमुना घेऊन! करतो मामा, आणि वक्रही कमी वळणांचा घेतो."

"आणि मूळ नोंदी पुसू नकोस."

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांच्या वह्या असतील, तर निवडत बसू नका. आधी जशाच्या तशा ठेवा.