श्रम, विसावा आणि म्हातारपण

म्हातारपणाला इतिहास असतो असे आम्ही म्हणालो की पुष्कळांना ती थट्टा वाटते. राजांना इतिहास असतो, लढायांना असतो, संपांनाही असतो हे आता लोकांनी मान्य केले आहे. पण केस पिकण्याला कसला आला इतिहास? तथापि माणूस केव्हा म्हातारा ठरतो, कोण ठरवतो आणि ठरल्यावर त्याने दिवसभर काय करावयाचे, या तीनही गोष्टी काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आमची निम्मी हयात कामगारांच्या संघटनेत गेली. तेथे जे पाहिले आणि जे पुढे वाचून समजले, त्यावरून हे लिहीत आहोत. आमचे वाचन रात्रीच्या एस.टी.त झालेले आहे, त्याला शाळेची शिस्त नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वयाचा आकडा घालून माणसाला कामातून मोकळे करण्याची पद्धत फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली कामगारांसाठी वार्धक्यवेतनाचा कायदा केला, तेव्हा वय ठरले सत्तर. त्या काळच्या कारखान्यातला कितीसा कामगार सत्तरी पाहणार? आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला, उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, १९७२ साली आणि कामगारांची निवृत्तिवेतन योजना १९९५ च्या नोव्हेंबरात. तिचे वय अठ्ठावन्न. सप्टेंबर २०१४ पासून तिचे किमान वेतन महिना एक हजार रुपये ठरले. या प्रत्येक तारखेमागे मोर्चे आहेत. त्या रुपयांवरून आम्ही पुष्कळ भांडलो, आणि ते भांडण योग्यच होते. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कोठे जाणार, हा प्रश्न आमच्या एकाही मागणीपत्रात नव्हता. ही आमची चूक, दुसऱ्या कोणाची नव्हे.

ती आम्हांला दाखवली एका निवृत्त कामगारानेच. मुरबाडकडचा माणूस, तीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेला. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झाला आणि पुढच्या सोमवारी पहिल्या पाळीच्या वेळेस तो फाटकाबाहेर हजर! आत जायचे नव्हते; नुसता उभा राही, ओळखीच्यांना हात करी आणि तासाभराने परत जाई. असे महिनाभर चालले. मग तो येईनासा झाला. वर्षाने आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ओटीवर बसलेला होता, आणि उठताना त्याला सुनेचा हात धरावा लागला. आजार विचारला तर म्हणाला, "काय नाय साहेब, बसून बसून सांधं धरलं."

हा भाग मुळात चालणाऱ्यांचा आहे. नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यातून वर चढते. सातवाहनांच्या काळापासून कोकणातील बंदरांचा माल त्या वाटेने जुन्नरकडे जात असे, आणि नागनिकेचा शिलालेख घाटमाथ्यावरच्या लेण्यात आजही आहे. १८५५ साली रेल्वे वासिंदपर्यंत आली, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत. शहापूर तालुका रुळांवर आला, मुरबाड मात्र पायवाटेवरच राहिला. तरीही दोन्हीकडच्या शेतकऱ्याचे म्हातारपण एकाच रीतीचे होते. राब भाजणे, आवणी, कापणी, झोडणी यांत पंचाहत्तरीच्या माणसालाही काही ना काही वाटा असे. नांगर सुटला तरी गुरे सुटत नसत. गुरे सुटली तरी नातवंड आणि राखण होतीच. निवृत्ती हा शब्द कीर्तनात ऐकायचा, तोही ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचे नाव म्हणून.

लंडनमध्ये १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराने एक शोध प्रसिद्ध केला, तो प्रत्येक कामगार संघटकाने वाचावा असा आहे. त्याने दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार, वस्ती, खाणेपिणे साधारण एकच; पण ड्रायव्हर पाळीभर बसलेला, तर कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला; जो आढळला तो उशिरा आणि सौम्य. पुढे टपाल खात्यातही तसेच दिसले. टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. आज ज्याला व्यायामाचे शास्त्र म्हणतात त्याचा एक मोठा खांब असा कामगारांच्या पायांवर उभा आहे. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगला. २००९ साली वारला.

पण येथे सावध राहिले पाहिजे. या शोधाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की मग खेड्यातल्या बाईला काय कमी, ती दिवसभर राबतेच! तानसा धरण १८९२ साली शहापूर तालुक्यात बांधून झाले आणि मुंबईला पाणी गेले. पुढे भातसाचेही गेले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढते. याला व्यायाम म्हणणे निर्लज्जपणाचे आहे. अलीकडच्या अभ्यासकांनीही हा भेद केला आहे. पोटासाठी ओझे वाहणे आणि आपल्या मर्जीने, विसावा घेत चालणे, यांचा देहावर होणारा परिणाम एक नसतो. साठीला आलेल्या आपल्या बाईची मान, कंबर आणि गुडघे हेच सांगतात. जिचे शरीर झिजून थांबले तिला "आजी, जरा हालचाल करा" असा उपदेश करायला आम्हांला तरी जीभ उचलत नाही. तिला काम पुरे झाले आहे. तिला जायला जागा हवी आहे.

ती जागा फांगणे या मुरबाड तालुक्यातील गावाने शोधून काढली. हे कसे घडले ते सांगण्यापूर्वी सरकारी साक्षरतेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती महाराष्ट्राला अभिमानास्पदच होती. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने वय धरले पंधरा ते पस्तीस, आणि १९८८ च्या साक्षरता अभियानानेही तेच. कारण उघड होते: पैसा थोडा, माणसे कोट्यवधी, तेव्हा जो अजून कमावणार आहे त्याच्यावर खर्च करावा. हिशेबाच्या दृष्टीने ते चुकीचे म्हणता येत नाही. पण छत्तिसाव्या वर्षी अक्षराचे दार बंद झाले, ते कोणाच्या तोंडावर? जिने लहानपणी भावंडे सांभाळली आणि तरुणपणी आवणी केली, तिच्याच.

फांगण्याच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानी २०१६ साली, शिवजयंतीच्या सुमारास, गावातील म्हाताऱ्यांची खंत आली: महाराजांचे चरित्र आम्हांला वाचता येत नाही. त्याच वर्षी ८ मार्चला, महिलादिनी, साठीच्या पुढच्या बायांसाठी 'आजीबाईंची शाळा' उघडली. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेने पाट्या, दप्तरे आणि गणवेश दिला. गणवेश म्हणजे गुलाबी लुगडे. जिने नवरा गेल्यावर रंगीत नेसणे सोडले होते, तिच्या अंगावर गुलाबी रंग चढला. आम्हांला ही गोष्ट अक्षरओळखीइतकीच मोठी वाटते. सुमारे तीस विद्यार्थिनी, काही नव्वदीच्या घरातल्या. दुपारी घरचे आवरून दोन तास शाळा. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि तिची सासू समोर पाटी घेऊन बसलेली! बायांनी शाळेभोवती एकेक झाड लावले, त्याला पाणी घालायचे तिचे तिनेच.

या शाळेची कीर्ती अक्षरांमुळे झाली. आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. दप्तर खांद्याला लावून घरातून निघायचे, गल्लीतून दुसरीला हाक मारायची, चालत जायचे, खाली बसायचे आणि पुन्हा उठायचे, झाडाला तांब्याभर पाणी नेऊन घालायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की पासष्टीनंतर आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम असावेत, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. शहरातल्या बागेत हे घड्याळ लावून करतात. फांगण्यात घड्याळ नव्हते; मैत्रीण वाट पाहात होती. दोहोंत कोणता उपाय अधिक टिकतो, हे डॉक्टरांना विचारण्याचे कारण नाही, ज्यांनी जानेवारीत चालण्याचा निश्चय केला असेल त्यांनीच सांगावे.

पुरुषांचे काय, हा प्रश्न उरतोच. बाया हाक मारून निघाल्या. पुरुष वडाच्या पारावर किंवा गुत्त्यावर. पंढरीची वारी आहे, आळंदीपासून पालखीबरोबर म्हातारी माणसे अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात आणि दमत नाहीत. पण आषाढीनंतर अकरा महिने उरतात. कातकरी पाड्यांवर स्थिती याहून कठीण. दिवाळीनंतर धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि झोपड्यांत म्हातारी तेवढी राहतात. त्यांना शाळेआधी धान्य पाहिजे. फांगण्याचा दाखला तेथे जसाच्या तसा लावू पाहील तो शहाणा नव्हे.

आम्ही आमच्यापुरते एवढे केले. एका कारखान्यातील गेल्या मागणीपत्रात शेवटचे कलम नवे घातले: निवृत्तीला एक वर्ष असलेल्या कामगारास आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा मिळावा, आणि निवृत्तांना बसण्याउठण्यासाठी फाटकाजवळची रिकामी शेड वापरू द्यावी; तेथे त्यांनी नव्या पोरांना हाताचे काम शिकवावे, झाडे लावावी, वाटल्यास पाटी घ्यावी. अर्ध्या दिवसाच्या बदल्यात इतर कामगार पाळी वाटून घेतील असे लिहून दिले. व्यवस्थापकांनी ते कलम दोनदा वाचले आणि विचारले, यात पैशाची मागणी किती? आम्ही म्हणालो, काही नाही. यावर ते बराच वेळ गप्प राहिले. शेडची किल्ली अद्याप त्यांच्याकडेच आहे आणि पुढची बैठक आवणी झाल्यावर आहे.